मफलरचा उन्हाळा

होळी आटोपली की आमच्या अमरावतीत माळ्यांवरून कूलर खाली उतरतात. जुन्या ताट्या काढून फेकायच्या, पंपात साचलेला वर्षभराचा गाळ धुवायचा, पंख्याला तेल द्यायचं आणि वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून पहिलं पाणी सोडायचं. त्या पहिल्या पाण्याचा ओला, मातकट, गोडसर वास घरभर पसरतो आणि इथल्या माणसाला आपापला उन्हाळा आठवतो. कोणाला आमरस आठवतो, कोणाला मामाचं गाव, कोणाला अंगणात टाकलेल्या बाजा. मलाही पूर्वी माझ्या माहेरची, चांदूर रेल्वेची दुपार आठवायची. काल ताट्या बसवल्या, पाणी सोडलं, वास आला, आणि मला आठवला एक म्हातारा उंदीर.

उंदीर म्हटलेलं माझ्या लेकीला, रेवाला, चालत नाही. हॅमस्टर म्हणायचं. कॉलेजात असताना ती त्याला एका खोक्यात घालून घरी घेऊन आली होती. लिंबाएवढा, पांढरा, पाठीवर एक करडा पट्टा, आणि गाल असे की दोन्हीकडे सुपारी धरून बसलाय. नाव ठेवलं मफिन. पुढे तिला पुण्याला नोकरी लागली. घरमालकिणीने प्राणी नको म्हणून सांगितलं आणि मफिन पिंजरा, चाक, भुशाची पिशवी यांच्यासकट माझ्याकडे राहिला. जाताना रेवा स्टेशनवर माझ्या गळ्यात पडून रडली. मला वाटलं आईसाठी रडतेय. मग म्हणाली, आई, तो दोन वर्षांचा झालाय, म्हणजे म्हातारा आहे, त्याला जप.

त्याच वर्षी हिवाळ्यात दुसरे एक म्हातारे घरी आले. माझे सासरे. सगळं गाव त्यांना आबाजी म्हणतं, मीही म्हणते. मूर्तिजापूरजवळच्या गावात त्यांची काळी जमीन. जन्मभर कापूस आणि तूर काढली. सासूबाई गेल्यावर एकटे कसे राहणार म्हणून आम्ही त्यांना आग्रहाने आणलं. आग्रह म्हणजे काय, तर माझा नवरा आणि नणंद फोनवर बोलले आणि ठरलं. नवरा नोकरीपायी नांदेडला, पंधरवड्यातून एकदा येणार. उरलेले दिवस घरात मी, आबाजी आणि मफिन. आबाजींनी आपली पिशवी कधी उघडलीच नाही. पलंगाखाली ती तशीच बांधलेली. मी काही विचारलं की म्हणत, राह्यतो अखाजीपर्यंत, मंग वावर पाहाले जा लागन. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि वावर म्हणजे शेत. बाकी आमचं बोलणं चहा झाला का, झाला, एवढंच. पंचवीस वर्षं सून असूनही मी त्यांच्याशी सलग चार वाक्यं बोलले नव्हते. मी शाळेत मराठी शिकवते. दिवसभर बोलूनच पोट भरतं, त्यामुळे त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

पिंजरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा आबाजी त्यासमोर बराच वेळ उभे होते. ज्या माणसाने धान्याच्या कोठीभोवती आयुष्यभर उंदरांचे सापळे लावले, त्याला पिंजऱ्यातल्या उंदराचं कौतुक करायला लावलं तर तो काय करणार? त्यांनी दार नीट लागलंय का ते तपासलं. मग मला विचारलं, सोडायचा कुठं याले? मी सांगितलं की सोडायचा नाही, पाळलाय, नाव मफिन. ते कानाने थोडे कमी. मफलर, असं म्हणाले आणि तेच नाव कायम झालं. मी दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. वर्गात चाळीस पोरांचं शुद्धलेखन सुधारून आलेल्या बाईला घरी तेवढा उत्साह नसतो.

तर त्या वर्षी मार्च सरता सरता मफलर खाईनासा झाला. सूर्यफुलाच्या बिया तोंडाशी न्यायचा आणि खाली टाकायचा. अंगावरचे केस विरळ झाले, एक डोळा चिकटायला लागला, पोटाखाली हरभऱ्याएवढी गाठ लागली. मी त्याला आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे दोन कुत्री, एक शेळी आणि एक पोपट रांगेत होते. डॉक्टरांनी मफलरला तळहातावर घेतलं, चष्मा वर केला, खाली केला. प्रामाणिक माणूस. म्हणाले की थर्मामीटर लावावा तर पेशंट थर्मामीटरपेक्षा लहान आहे. मग टॉर्च मारून सांगितलं की खालचे दात वाढून वर टाळूला टेकलेत, म्हणून खाता येत नाही. ते कापायला नाजूक हत्यार लागतं, ते माझ्याकडे नाही, अकोल्याला मिळेल. आणि ऊन सांभाळा. याला आपल्याकडचा उन्हाळा झेपत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा आपल्यालाही झेपत नाही, पण आपल्याला ते कोणी सांगत नाही. त्या उन्हात त्याला अकोल्याला कसं न्यायचं, या विचारात मी दिवस ढकलत राहिले. तोवर बिया मिक्सरमध्ये बारीक करून भरवत होते. ड्रॉपरने औषध पाजायचं तर एका हातात मफलर, दुसऱ्या हातात ड्रॉपर, आणि डोळा पुसायला तिसरा हात नाही. आबाजी खुर्चीत बसून सगळं बघत असत. एक दिवस त्यांनी उठून कापूस कोमट पाण्यात बुडवला आणि त्याचा डोळा पुसून दिला. जन्मभर शेतात राबलेली ती बोटं इतकी हलकी लागतील असं मला वाटलं नव्हतं. मी पाहतेय हे लक्षात आल्यावर म्हणाले, वासराचे डोये असेच पुसत होतो. आणि कापूस चांगला नाही म्हणून दुकानाला नावं ठेवत आत गेले.

एप्रिलात दुपारची लाइट जायला लागली. कूलर बंद पडला की घराचं काय होतं हे वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. भिंतीला पाठ लावली तर भिंत भाजते. नळाचं पाणी चहा टाकण्याजोगं येतं. अशा एका दुपारी मी शाळेतून आले तर आबाजी घरात दिसेनात, पिंजराही जागेवर नाही. न्हाणीघरातून आवाज आला. दार ढकललं तर ते ओल्या फरशीवर मांडी घालून बसलेले, समोर आडवा ठेवलेला जुना माठ, माठाला ओलं बारदान गुंडाळलेलं, आणि माठाच्या तोंडात मफलर चारी पाय पसरून पोट टेकवून पडलेला. घरात सगळ्यात थंड जागा हेच हाये, असं मला सांगण्यात आलं. मीही पर्स ठेवून उंबऱ्यावर बसले. लाइट येईपर्यंत आम्ही तिघं तिथे होतो. कापसाला पूर्वी किती पाणी लागायचं आणि आता किती लागतं, हे मी त्या दिवशी शिकले. सलग चार वाक्यांचा हिशेब तिथेच मोडला.

मग आला तो मफलर गेल्याचा दिवस.

मी पेपर तपासायला गेले होते. आबाजींनी दुपारी माठात पाहिलं तर मफलर उताणा. हलवलं, हलेना. फुंकर घातली, काही नाही. त्यांनी आधी माझ्या मोबाइलवर फोन केला असेल, पण तो माझ्या पर्समध्ये मुका पडला होता. मग दुसरा पाठ असलेला नंबर लावला, अकोल्याचा. माझी नणंद शोभाताई जठारपेठेत राहतात. त्यांना उंदरांची इतकी भीती की घरात हॅमस्टर आहे हे आम्ही त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं, नाहीतर त्या आमच्याकडे आल्याच नसत्या. पुढचं मला शोभाताईंनी सांगितलं. वडील रडक्या आवाजात म्हणाले, मफलर गेला. त्यांनी समजूत घातली की जाऊ द्या, हिवाळ्यात नवा घेऊ. वडील म्हणाले, तसा आता भेटत नाही, लय मऊ होता, रोज मांडीवर घेत होतो. बाहेर त्रेचाळीसच्या पुढे ऊन. शोभाताईंनी फोन ठेवला. बाबांचं डोकं गेलं, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. आई गेल्याचा धक्का आता लागलाय.

इकडे आबाजींनी माणसासारखं सगळं करायचं ठरवलं. तुळशीचं पान आणलं. गंगाजल नव्हतं, म्हणून माठातल्या पाण्याचा थेंब बोटावर घेऊन त्याच्या तोंडाला लावला. तो थेंब गिळला गेला. दुसरा लावला, तोही. तिसऱ्या वेळी मफलरने डोळा उघडला आणि त्या लांब दातांनी आबाजींचं बोट कचकन धरलं. मी घरी आले तेव्हा आबाजी बोटाला हळद लावून खुर्चीत बसले होते आणि इतके खूश होते की मला आधी काही कळेना.

"मेलेला उठला," ते म्हणाले. "अन् उठल्याबरोबर चावला. म्हणजे पक्का वऱ्हाडी हाये."

अकोल्याला फोन करून खुलासा करायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने शोभाताई दारात. हातात डब्यात वडिलांना आवडणारी सांभारवडी आणि डोळ्यांत पाणी. आबाजींचा हात धरून त्यांनी त्यांना विचारलं की आज वार कोणता, मी कोण, माझं नाव काय. आबाजींना वाटलं हिचंच डोकं गेलं. दोघं एकमेकांकडे काळजीने पाहत होते आणि मी मधे उभी राहून मफलर म्हणजे कोण हे सांगायचा प्रयत्न करत होते. शेवटी माठ दाखवला. शोभाताई सोफ्यावर चढल्या. तिथूनच त्यांनी सगळी हकीकत ऐकली आणि हसून हसून सोफ्यावरून उतरता येईना अशी त्यांची अवस्था झाली. पण हसू ओसरल्यावर त्याच म्हणाल्या की आमच्याकडे लहान जनावरं बघणारी एक डॉक्टर आहे, उद्याच चला. वडिलांना एवढं रडताना मी आईच्या वेळीही ऐकलं नव्हतं, हे त्यांनी मला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून निघालो; शोभाताई घाबरून दुसऱ्या डब्यात. मांडीवर लहान पिंजरा, त्यावर ओला पंचा, बाजूला टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली. डब्यातल्या लोकांनी चौकशी केली. आबाजी प्रत्येकाला सविस्तर सांगत होते. समोरच्या बाकावरच्या शेतकऱ्याने विचारलं की उंदराले दवाखान्यात नेता का, तेव्हा आबाजींनी शांतपणे सांगितलं की हा उंदीर नाही, मफलर आहे. शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

अकोल्याची डॉक्टर तरुण मुलगी. बारीक कात्रीने तिने दोन क्षणांत दात कापले. गाठ तपासली आणि सांगितलं की या वयात ऑपरेशन नको, त्यात तो उठणारच नाही. वय काढलं तर माणसाच्या मानाने नव्वदीच्या पुढे. हे ऐकून आबाजी खुर्चीत नीट बसले. स्वतः ते ऐंशीच्या अलीकडचे. त्या क्षणापासून त्यांनी मफलरला अरे-तुरे करणं सोडलं. म्हणजे हे माह्यापेक्षा मोठे हायेत, एवढं ते म्हणाले, आणि पिंजरा उचलताना खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यावरची धूळ झटकली.

मग त्यांनी डॉक्टरला विचारलं की किती दिवस.

"दिवस नका मोजू, आजोबा," ती म्हणाली. "त्याला काय आवडतं ते बघा आणि ते द्या. आता तेवढंच औषध."

दुपार शोभाताईंकडे काढली. त्यांनी कूलरची खोली मफलरला दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात स्टुलावर पाय वर घेऊन बसल्या. संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. मूर्तिजापूर आलं तशी माझ्या मनात धाकधूक. हे आबाजींचं स्टेशन. इथून त्यांचं गाव जवळ. गाडी थांबली आणि ते खरंच उठले. काही न बोलता खाली उतरले आणि गर्दीत दिसेनासे झाले. पिशवी अमरावतीला होती, पण गावाला जायला पिशवी कशाला लागते? मी पिंजरा धरून दाराशी गेले. भोंगा झाला. गाडी हलली. मला त्या क्षणी कळलं की ते गेले तर मला घरात बोलायला कोणी नाही. इतक्यात मागच्या दाराने आबाजी धापा टाकत आले. दुपट्टा फलाटाच्या नळावर ओला करून आणला होता. तो त्यांनी पिंजऱ्यावर टाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कुठं जाऊन राह्यली व? बस ना जाग्यावर."

बसले. बाहेर नांगरून पडलेली काळी वावरं मागे जात होती. मग आबाजी पिंजऱ्याकडे बघत बोलायला लागले.

"तुह्या सासूले नागपूरले नेलं. सारे डाक्टरशी बोलले, एकमेकाशी बोलले. तिले कोनी इचारलं नाई, तुले काय पायजे म्हणून. मीबी नाई. शेवटी तिनं नर्सले बोरं मागतले म्हणे. मले मंग समजलं."

मी पिंजऱ्यावरचा ओला दुपट्टा नीट केला. पुढच्या स्टेशनवर त्यांनी दोघांसाठी फुटाणे घेतले आणि एक फुटाणा चावून, बारीक करून जाळीतून आत सरकवला.

त्यानंतरचे दिवस मफलरच्या आवडीनिवडी शोधण्यात गेले. आबाजी, जे जन्मात चुलीपाशी गेले नव्हते, ते ज्वारीच्या कण्या शिजवायला शिकले. काकडी आवडते, पण सोललेली. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग आवडतो, पिवळा नाही. गाजर दाखवलं तर पाठ करतो. "घ्या जी, दोन घास घ्या," असं म्हणत ते चमच्याच्या टोकावर कण्या धरायचे, आणि मफलर दोन्ही हातांनी तो चमचा पकडून खायचा. रेवाचा रोज व्हिडिओ कॉल. तिला मफिन दिसायचा, आबाजी दिसायचे, आई क्वचित. अखाजी आली आणि गेली. वावर पाहाले जाण्याचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

त्याने तो उन्हाळा काढला. पेरण्या झाल्या, हवा थंडावली, आणि पोळ्याच्या थोडं आधी एका सकाळी तो कण्यांच्या वाटीशेजारी झोपेतच गेला. या वेळी आबाजींनी घाई केली नाही. पाण्याचे थेंब लावून पाहिले, बराच वेळ वाट पाहिली, मग रेवाला फोन लावायला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी आली. कुठे पुरायचं यावर चर्चा होण्याआधीच आबाजी चपला घालून तयार होते. आम्ही त्यांच्या शेतावर गेलो. कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीच्या झाडाखाली, आबाजींनी स्वतः खड्डा केला. शेजारच्या वावरातून एकाने ओरडून विचारलं की काय पेरून राह्यले आबाजी. काही नाही, घरचं माणूस होतं, असं त्यांनी सांगितलं. तो माणूस टोपी काढून उभा राहिला. रेवा रडता रडता हसली.

ती पुढे चालायला लागली तेव्हा मी आबाजींना विचारलं. इतके महिने जे सगळ्यांनी आपापसात ठरवलं होतं, ते मी त्यांना विचारलं. "आबाजी, तुमाले काय पायजे? इथं वावरात राह्याचं, का तिकडं अमरावतीले?"

त्यांनी कपाशीकडे पाहिलं. विहिरीकडे पाहिलं.

"तिकडंच," ते म्हणाले. "पन सकायचा तो लगदा बंद कर."

लगदा म्हणजे ओट्स. ब्लडप्रेशरसाठी म्हणून मी त्यांना रोज वाडगाभर देत होते. इतके दिवस तो माणूस निमूटपणे खात होता, कारण कोणी विचारलं नव्हतं. त्यांना हवी होती शिळी भाकर, ताकात कुस्करून, वर कच्चं तेल आणि तिखट. त्या दिवसापासून तेच. ब्लडप्रेशर जिथे होतं तिथेच आहे. एकदा विचारलं म्हणताना मग बाकीच्याही गोष्टी हळूहळू बाहेर आल्या. उशी उंच होते. बातम्या मोठ्याने लाव. तो पांढरा लाइट डोळ्यांत जातो. पिशवी कधी तरी रिकामी झाली, तिच्यात आता माझ्या घरचे कांदे असतात.

आणि एक दिवस भाकर कुस्करता कुस्करता त्यांनी मलाच उलटं विचारलं. अन् तुले काय पायजे व? मी पोळी उलटत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी मोठी होऊन पुण्याला गेली, आणि हा प्रश्न या घरात मला पहिल्यांदा आला होता. सांगते, असं मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं की मला शाळेतून आल्यावर दुपारी जरा झोपायचं असतं, कोणी उठवू नये. एवढंच? एवढंच.

तेव्हापासून दुपारी आबाजी दाराशी खुर्ची टाकून बसतात. बेल वाजण्याआधीच दार उघडतात. आजही मी कूलरच्या वाऱ्यात पडले होते, डोळा लागत होता, आणि बाहेर त्यांचा आवाज ऐकू आला. कुरिअरवाला होता बहुतेक.

"हळू बोल बावा," ते त्याला सांगत होते. "आतमंदी म्हातारं मानूस झोपलं हाये."

मी कूस बदलली आणि झोपले.